सोळा फुटी गॅरेजचं दार: एक इंच फोम आणि स्प्रिंगचा हिशेब

अमेरिकेत मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या वायव्येला नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स हा जो पट्टा आहे, तिथे मराठी घरं बरीच आहेत आणि त्यांतली पुष्कळशी एकाच नकाशावर बेतल्यासारखी वाटतात. पुढे घराला जोडलेलं दोन गाड्यांचं गॅरेज, त्याच्या डोक्यावर एक बेडरूम, आणि गॅरेजला १६ फूट रुंद, ७ फूट उंच असं एकच पत्र्याचं दार. इथे मांडलेलं प्रकरण अशाच एका घराचं आहे.

तक्रारी तीन होत्या. गॅरेजवरच्या बेडरूमची फरशी हिवाळ्यात पाय ठेववत नाही इतकी गार पडते. गॅरेजमधल्या सुतारकामाच्या टेबलापाशी नोव्हेंबर ते मार्च उभं राहता येत नाही. आणि कडाक्याच्या थंडीत दाराच्या आतल्या बाजूला बर्फाची साय धरते, ती वितळून खाली ओघळते, त्यामुळे दाराची खालची दुमड गंजू लागली आहे. खर्चाची मर्यादा ५०० डॉलर. दार बदलायचं नाही, कारण कारखान्यातूनच फोम भरून येणारं याच मापाचं नवं दार मजुरीसकट या रकमेच्या कितीतरी पट पडतं.

दार एकपदरी पत्र्याचं. २१ इंच उंचीचे चार आडवे भाग बिजागऱ्यांनी जोडलेले. प्रत्येक भागाला मागून तीन उभ्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे एका भागात चार खण, एकूण १६ खण. पत्र्याची कड वर-खाली आत वळवलेली. या दुमडीमुळे खणाची आतली उंची साडेवीस इंच असली, तरी समोरून दिसणारी उंची १९ इंचच. खोली २ इंच. ही तीन मापं पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहेत. कंपनी बदलली की ती बदलतात, त्यामुळे इथले आकडे उचलून थेट कापायला बसू नये.

फोम काय देतो, काय देत नाही

उघड्या पत्र्याला उष्णतारोध जवळपास नसतोच. दोन्ही बाजूंना चिकटून राहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा मिळून जो काही रोध असतो तोच, अमेरिकी आर-मूल्यात (आकडा जितका मोठा तितका रोध जास्त) साधारण ०.८५. दाराचं क्षेत्रफळ ११२ चौरस फूट. बाहेर १० अंश फॅरनहाइट आणि गॅरेजमध्ये ४० धरलं, तर या दारातून तासाला सुमारे ३,९५० बीटीयू, म्हणजे अंदाजे ११६० वॅट उष्णता बाहेर जाते. साध्या प्लगवर चालणारा मोठ्यात मोठा हीटर १५०० वॅटचा. त्याचा पाऊण भाग एकटं दार गिळतं.

आता १६ खणांत एक इंच जाडीचा पॉलिआयसो (पॉलिआयसोसायन्युरेट) हा ताठ फोम बसवला असं समजू. पाकिटावर आर ६ किंवा त्याहून थोडं जास्त छापलेलं असतं. थंडीत पॉलिआयसोचा रोध घसरतो, म्हणून साडेपाच धरावा. खणांचं एकूण क्षेत्रफळ भरतं सुमारे १०३.५ चौरस फूट. उरलेले साडेआठ चौरस फूट म्हणजे उभ्या पट्ट्या, दुमडी, कडा. तिथे फोम पोचतच नाही. दोन्ही वाटा वेगळ्या मोजल्या, तर खणांतून तासाला ४९० बीटीयू आणि त्या साडेआठ फुटांतून ३००, मिळून ७९०. लोखंडी दुमडी उष्णता आडवी ओढतात तेही लक्षात घेतलं, तर प्रत्यक्षात ९०० च्या आसपास. तरीही आधीच्या मानाने चौथा हिस्सा.

या आकड्यांत एक खोच आहे. फोम बसल्यावर राहिलेल्या गळतीतला चाळीस टक्के भाग दाराच्या जेमतेम आठ टक्के क्षेत्रफळातून जातो. म्हणून फोमची जाडी दुप्पट करून आकडा ७९० वरून ५६० च्या आसपास येतो, निम्मा होत नाही; आणि एक इंची साध्या ईपीएसने, म्हणजे आपल्या थर्माकोलने, तो ९५० होतो, दुप्पट नाही. उत्तम फोम आणि साधा फोम यांतला फरक ५० वॅटचा. पाकिटावरच्या आर-मूल्याच्या मागे लागून पैसे घालवण्यात अर्थ नाही. पत्र्याला चिकटवायच्या चंदेरी बुडबुडा-शीटवर ८ वगैरे आकडे दिसतात. त्यांत शीटमागच्या बंद हवेच्या पोकळीचा रोध धरलेला असतो. शीटचा स्वतःचा रोध १ च्या आसपास. पत्र्याला सपाट चिकटवली की पोकळी गेली, आकडाही गेला.

बेडरूमबद्दल घरमालकांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं लागतं. दाराचं इन्सुलेशन गॅरेज गरम करत नाही, गार होण्याचा वेग कमी करतं. वरच्या खोलीची फरशी गार असण्याचं खरं कारण बहुधा गॅरेजच्या छतात असतं: तुळयांमधली काचतंतूची गादी फरशीपासून सुटून खाली लोंबलेली असते आणि मधल्या पोकळीत बाहेरचा वारा खेळत असतो. या घरातही छताचा एक चौकोन उघडून पाहिल्यावर तेच दिसलं.

आधी फटी

दाराचा घेर ४६ फूट. सगळीकडे फक्त एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट असली तरी एकूण भोक ६९ चौरस इंचांचं होतं, जवळजवळ अर्धा चौरस फूट. तेवढी खिडकी हिवाळाभर उघडी ठेवून मागे फोम लावण्यात मतलब नाही, म्हणून रबरी झडपांचं काम पहिलं.

दिवसा गॅरेजमधले दिवे घालवून, दार बंद करून आत उभं राहिलं की फटी आपोआप दिसतात. इथे डाव्या कोपऱ्यात खालून आणि वरच्या कडेने उजेड येत होता. बाजूच्या आणि वरच्या चौकटीवर व्हिनाइलची झडप असलेली पट्टी ठोकतात. ७ फुटी दोन आणि १६ फुटी एक. दार बंद असताना पट्टी टेकवायची, झडप किंचित वाकेल इतकाच दाब द्यायचा आणि मग खिळे. जास्त दाबली, तर थंडीत व्हिनाइल कडक होतं, दार घासून चढतं, आणि पुढे जो तोल तपासायचा आहे तोच खोटा येतो.

खालचं रबर ॲल्युमिनियमच्या खाचेत सरकवायचं असतं. त्याच्या कडेच्या गाठीची जाडी दोन-तीन मापांत मिळते, म्हणून जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून दुकानात न्यावा. साबणाच्या पाण्याने खाच ओली केली आणि एकाने भरवलं, दुसऱ्याने ओढलं की सोळा फूट सरसर जातं. कोरडं ओढलं, तर मध्ये अडकून रबर ताणलं जातं आणि महिन्याभरात आखडून दोन्ही टोकांना फट पाडतं. टोकांना इंचभर जास्त ठेवलेलं बरं.

फोम निवडताना पहिला प्रश्न आगीचा

उघड्या फोमबाबत अमेरिकी निवासी बांधकाम संहिता कडक आहे. घराच्या आतल्या बाजूला फोम असेल, तर त्यावर अर्धा इंच जिप्सम बोर्डाइतकं आवरण हवं असा सर्वसाधारण नियम आहे. कारखान्यातून फोम भरून आलेल्या गॅरेज दारांना त्यात सूट आहे. घरी चिकटवलेला फोम त्या सुटीत आपोआप बसत नाही. दारावर जिप्सम लावणं तर अशक्यच, कारण दाराचं वजन दुपटीहून जास्त होईल. म्हणून उघडा ठेवण्यासाठी तपासून विकला जाणारा फोमच घ्यावा आणि खरेदीपूर्वी गावाच्या बांधकाम खात्याला फोन करून विचारावं. गॅरेजमध्येच गॅसचा गीझर किंवा फर्नेस असेल, तर हा फोन टाळू नये.

गुलाबी किंवा निळा एक्सपीएस, म्हणजे पॉलिस्टायरीनचाच घट्ट फोम, बाद झाला तो इथेच: पत्र्यामागे चालेल, पण आवरणाशिवाय उघडा ठेवायला नाही. टीव्हीच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल तर मुळीच नको. पॅकिंगच्या मालात अग्निरोधक मिसळलेलं असेलच असं नाही. मखरं कापून हात बसलेल्या माणसाला थर्माकोल पाहिला की हुरूप येतो, पण महाराष्ट्रात २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली ती पर्यावरणाच्या कारणाने. इथला प्रश्न वेगळाच आहे.

निवड झाली ती दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचं आवरण असलेल्या एक इंची पॉलिआयसोची. त्याची दर्शनी बाजू पांढरी, बारीक उठावाची असते आणि उघडी ठेवण्यासाठीच ती बनवलेली असते. ४ बाय ८ फुटी शीटला दुकानागणिक ४० ते ६० डॉलर. बऱ्याचदा मागवून घ्यावी लागते, मोठ्या दुकानाच्या फडताळावर उभी मिळत नाही. पांढरा रंग म्हणजे फिनिशिंगचा अर्धा खर्च इथेच वाचला.

वजन

या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. दार माणूसही उचलत नाही, दार उघडणारी विजेची मोटारही उचलत नाही. उचलते ती दारावरच्या दांड्यावर गुंडाळलेली स्प्रिंगची जोडी, दांड्याच्या टोकांच्या पुलींवरून उतरणाऱ्या केबलने. दाराचं जे वजन असेल त्यालाच ती जुळवलेली असते. दार नुसतं ‘छान दिसावं’ म्हणून आतून प्लायवुड किंवा हार्डबोर्ड मारणारे हे विसरतात. एक सूत जाडीचा हार्डबोर्ड पूर्ण दाराला लावला की ७० ते ७५ पौंड वाढतात. पाव इंची प्लाय ८० च्या घरात. स्वच्छतागृहांच्या भिंतींना लावतात ते फायबरचं पॅनल ६० च्या वर. आणि मूळ दार? अशा एकपदरी १६ फुटी दाराचं वजन १४० पौंडांच्या आसपास असतं.

पॉलिआयसोचं वजन १७ पौंड. टेप, चिकटवणी, नव्या झडपा मिळून २. सर्वांत खालच्या भागाला प्लॅस्टिकचं कवच (त्याबद्दल पुढे) ५. एकूण २४ पौंड, म्हणजे मूळ वजनाच्या १७ टक्के.

स्प्रिंगला आणखी पीळ देऊन हे भागेल का? ४ इंची पुलीच्या ७ फुटी दाराची स्प्रिंग साधारण साडेसात वळणं पिळलेली असते. दार पूर्ण वर जाईपर्यंत त्यांतली पावणेसातच्या आसपास सुटतात आणि उरलेला थोडा पीळ केबल ताठ ठेवतो. १४० पौंडांच्या दाराला दोन्ही स्प्रिंगना प्रत्येकी अर्धं वळण वाढवलं की उचल सुमारे १० पौंडांनी वाढते. २४ पौंडांसाठी सव्वा वळण लागेल. मग बंद दार तोलात येईल खरं, पण उघड्या दारावर १५ ऐवजी ३९ पौंडांची ओढ राहील: शेवटच्या दोन फुटांत ते हातातून निसटून वर आपटेल आणि खाली आणताना अडेल. शिवाय जास्त पिळलेली स्प्रिंग लवकर तुटते. नेहमीच्या स्प्रिंगचं आयुष्य मुळात १०,००० उघड-झापांचं. अर्ध्या वळणापर्यंत, म्हणजे १० पौंडांपर्यंत, जुनी स्प्रिंग सांभाळून घेते. त्यापुढे नवी, जाड तारेची जोडी.

या घरातल्या स्प्रिंग दार बसवल्यापासूनच्या, गंजलेल्या. त्या तशाही बदलायच्याच होत्या, म्हणून २४ पौंड परवडले. स्प्रिंग नुकत्याच बदललेल्या असत्या, तर निर्णय वेगळा घ्यावा लागला असता: उघडं ठेवायला मान्यता असलेल्या, पांढऱ्या आवरणाच्या ईपीएसचं तयार किट, ८ ते ९ पौंड, खालचं कवच नाही, आणि फार तर अर्ध्या वळणाची दुरुस्ती. उष्णतेत तासाला दीडशे-पावणेदोनशे बीटीयूंचं नुकसान, पण स्प्रिंगचे तीनशे डॉलर वाचतात.

तोल मोजायला महागडं यंत्र लागत नाही. भारतात जाताना बॅगा तोलायचा आकड्याचा डिजिटल काटा प्रत्येक घरात असतोच. दार बंद करावं, लाल दोरी ओढून मोटार सोडवावी (दार उघडं असताना ती दोरी कधीही ओढू नये, स्प्रिंग तुटलेली असेल, तर दार धाडकन खाली येतं), दाराच्या मधल्या मुठीत काट्याचा आकडा अडकवून सावकाश वर ओढावं. दार हललं त्या क्षणीचा आकडा हा बिघडलेला तोल. काम सुरू करण्यापूर्वी एकदा आणि फोम बसल्यावर एकदा मोजला, की स्प्रिंगवाल्याला नेमका आकडा सांगता येतो. मग दार कमरेपर्यंत उचलून सोडावं. तोलातलं दार तिथेच थांबतं.

स्प्रिंग पिळण्याचं काम मात्र घरी करू नये. त्यासाठी अर्ध्या इंचाचे ठरावीक दांडे लागतात, आणि त्या जागी स्क्रूड्रायव्हर घालणाऱ्यांच्या मनगटांचं काय होतं ते दवाखान्यात पाहायला मिळतं. खालच्या कोपऱ्यातली केबलची पट्टीही तशीच. तिच्यावर सतत ताण असतो, तिचा एकही स्क्रू ढिला करायचा नाही.

कापणं आणि बसवणं

हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. ४० अंश फॅरनहाइटच्या खाली चिकटवणी धरत नाही, टेप तर मुळीच नाही. पत्रा आतून साबणाने धुऊन, गंज खरवडून, त्यावर गंजरोधक रंगाचा हात मारून दोन दिवस वाळू द्यावा. मिशिगनमध्ये गाडीबरोबर रस्त्यावरचं मीठ आत येतं आणि खालच्या भागावर त्याचा थर असतो. त्यावर टेप लावली, तर महिन्यात सुटते.

तुकड्याचं माप: उंची सव्वावीस इंच, म्हणजे आतल्या उंचीपेक्षा पाव इंच कमी. रुंदी ४६ इंच, दोन उभ्या पट्ट्यांमधल्या अंतराहून एक सूत कमी. प्रत्येक खण वेगळा मोजावा. टोकाचे खण बिजागरीच्या पट्टीमुळे अरुंद निघतात आणि वरच्या भागात मधोमध मोटारीच्या हाताची पट्टी येते, तिथे खाच काढावी लागते. एका शीटमधून चार तुकडे पडतात, म्हणजे चार शीट; पाचवी हाताशी असावी. पहिला तुकडा पुठ्ठ्याचा करून बसवून पाहिला, तर पाचवी परत करता येते.

आता खरा पेच. सव्वावीस इंचांचा ताठ तुकडा १९ इंचांच्या तोंडातून आत जायचा कसा? तुकड्याच्या दर्शनी, पांढऱ्या बाजूने उंचीच्या बरोबर मध्यावर आडवा छेद घ्यायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मागचं ॲल्युमिनियम शाबूत ठेवायचं. तेच बिजागरीचं काम करतं. तुकडा मध्यावर आपल्याकडे दोन-अडीच इंच फुगवला की त्याची उंची कमी होते. वरची कड वरच्या दुमडीमागे सारायची, खालची खालच्या दुमडीमागे उतरवायची, आणि मध्यावर तळहाताने दाबायचं. कट्ट आवाज करत तो सपाट होतो. वर-खाली अर्ध्या इंचाहून थोडा जास्त भाग दुमडीमागे राहतो.

छेद मागून घेण्याची चूक अगदी सहज होते. मागून कापलेला तुकडा आपल्याकडे फुगूच शकत नाही, फोम फोमला अडतो. जोर केला की पांढरं आवरण चुरगळतं. तसंच, ॲल्युमिनियमची ही बिजागरी एक-दोनदाच वाकते, तिसऱ्या वेळी फाटते. म्हणून तुकडा ‘बसतोय का’ पाहायला वारंवार घालू-काढू नये; ते काम पुठ्ठ्याचं.

कापायला लांब पात्याची, मोडत जाणारी कटर सुरी आणि लोखंडी पट्टी. करवत वापरली की पिवळी भुकटी घरभर होते. मास्क लावावा.

खण २ इंच खोल आणि फोम एक इंच, म्हणजे मागे पोकळी राहते आणि दार हललं की तुकडा खडखडतो. यावर उपाय उरलेल्या पट्ट्यांचा. ३ इंच चौरस ठोकळे कापून, लागेल तेवढे घासून, तुकड्याच्या पाठीला चिकटवायचे. वरच्या अर्ध्याला दोन, खालच्या अर्ध्याला दोन, छेदावर एकही नाही. ते तुकड्याला पुढे दुमडीवर रेटून धरतात, आणि टेपला टेकायला सपाट कड मिळते. चिकटवणी फोमबोर्डासाठीची घ्यावी, आणि ती फोम ते फोमच. पत्र्याला अजिबात चिकटवू नये. गडद रंगाचं दार उन्हात तापून पसरतं, मागे फोम असल्यावर आणखी तापतं, आणि सगळीकडून चिकटलेला पत्रा मग पोक काढतो. शिवाय पुढेमागे एखादा भाग चेपला, तर फोम सुटा काढता आला पाहिजे. डब्यातला फुगणारा फोम फवारणं याच कारणासाठी वाईट: पत्रा फुगतो, आणि मग ते दार जन्मभराचं तसंच.

सगळे तुकडे बसल्यावर टेप. तीन इंची पांढरी ॲल्युमिनियम टेप, चारही कडांना आणि मधल्या छेदावर. सोळा खणांना मिळून २४० फुटांच्या आसपास लागते, म्हणजे ५० यार्डांचे दोन रोल. टेप हा शोभेचा भाग समजू नये. गॅरेजमधली दमट हवा, म्हणजे ओल्या गाड्या आणि वितळणारा बर्फ, फटीतून फोममागे गेली, तर ती थंड पत्र्यावर गोठणारच, आणि आता ते डोळ्यांना दिसणारही नाही. मूळ तक्रार गंजाची होती. टेप नीट नसेल, तर फोमने ती फक्त झाकली जाते. खालच्या दुमडीत पाणी निघून जायला भोकं असतील, तर ती मोकळी ठेवायची.

एवढं जपायचं की दुमडीच्या पुढे काहीही यायला नको. दार वळणावरून जाताना दोन भागांचा आतला कोन मिटतो. तिथे टेपची घडी किंवा फोमची कड बाहेर असेल, तर ती चिरडली जाते. बिजागऱ्या, चाकांचे दांडे, आडव्या बळकटीच्या पट्ट्या आणि धोक्याच्या सूचनांची लेबलं उघडी राहिली पाहिजेत. आणि नुसत्या दुहेरी टेपने चिकटवलेल्या फोमचा भरवसा धरू नये: दार उघडलं की आतली बाजू जमिनीकडे तोंड करते, आणि उन्हाळ्यात टेपचा गोंद मऊ पडला की तुकडा गाडीच्या छतावर येतो. तुकडा दुमडीमागे अडकवण्याचा सगळा खटाटोप त्यासाठी.

फिनिशिंग

वरचे तीन भाग पांढऱ्या आवरणावरच सोडले. टेपच्या रेषा सरळ असतील, तर लांबून ते कारखान्यातल्या दारासारखं दिसतं. रंग लावायचा मोह टाळावा. वजन वाढतं ते थोडं, पण अग्निचाचणी रंगासकट झालेली नसते.

सर्वांत खालच्या भागाला मात्र सायकली, फावडी, गाडीचा बंपर, मुलांचे पाय, सगळं लागतं, आणि ॲल्युमिनियमचं आवरण बोटानेही चेपतं. तिथे ४ मिलिमीटरचं पन्हळी प्लॅस्टिक. निवडणुकीत अंगणात रोवतात त्या पाट्या याच्याच असतात. एक ४ बाय ८ शीट पुरते, पण कापण्याची दिशा सांभाळावी: पन्हळी आडव्या, ४६ इंचांच्या दिशेने आल्या, तर तुकडा हाताने वाकून दुमडीमागे सहज जातो, उभ्या आल्या, तर मोडल्याची कायमची पांढरी रेघ पडते. शीटच्या लांबीला समांतर सव्वावीस इंचांच्या दोन पट्ट्या कापून प्रत्येकीचे दोन तुकडे केले की काम झालं. हेही प्लॅस्टिकच, जळणारं. गीझर शेजारी असेल, तर ते वगळावं.

मोटार, सेन्सर आणि धूर

नव्या स्प्रिंग बसून तोल जमल्यावरच मोटार जोडायची. मोटारीचा जोर वाढवायचा स्क्रू किंवा बटण असतं, आणि जड झालेलं दार ‘चालवून घ्यायला’ लोक तेच फिरवतात. दार चालतं, पण अडथळा आला तर उलटं फिरण्याची मोटारीची क्षमता त्याच जोराने बोथट होते. चाचणी सोपी: २ बाय ४ ची फळी (प्रत्यक्षात दीड इंच जाड) दाराखाली जमिनीवर आडवी ठेवायची, दार तिला टेकताच उलटं गेलं पाहिजे. अमेरिकेत १९९३ पासून बनलेल्या मोटारींना अडथळा ओळखणारं वेगळं साधन असावं लागतं; बहुधा ते जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेले प्रकाशाचे सेन्सर असतात. तेही पायाने अडवून पाहावेत. नव्या झडपेच्या कडेने सेन्सरची रेषा झाकली जात नाही ना, याची खात्री करावी.

दार घट्ट बसल्यावर गॅरेजमधून हवा निघून जायचं प्रमाण घटतं. थंडीत गाडी आत ‘जरा गरम व्हायला’ सुरू ठेवण्याची सवय आता कायमची बंद, दार उघडं असलं तरी. गॅरेजवरच्या बेडरूमबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल, तर तो या खर्चात धरावा.

खर्च आणि पहिला हिवाळा

फोम २०० ते २५०, टेप ३० ते ४०, झडपा आणि खालचं रबर ७० ते ८०, पन्हळी प्लॅस्टिक २० ते ३०, चिकटवणी आणि गंजरोधक रंग मिळून ३०. म्हणजे ३५० ते ४३० डॉलर, मर्यादेच्या आत. स्प्रिंगचे ३०० च्या आसपास त्यावर, म्हणजे मर्यादा मोडलीच. मात्र ती जोडी फोम नसता तरी बदलावी लागली असती.

खणांवरची बर्फाची साय गेली. बिजागऱ्यांवर आणि उभ्या पट्ट्यांवर कडाक्याच्या रात्री ती अजून धरते, हिशेबातल्या त्या साडेआठ चौरस फुटांवर, आणि तिथे घरी करण्यासारखं फारसं काही नाही. टेबलापाशी छोटा हीटर लावला की आता काम करता येतं; आधी तो लावून उपयोगच नव्हता. दार बंद होतानाचा पत्र्याचा खणखणाट बोदा झाला. बेडरूमच्या फरशीत फरक पडला तो किरकोळ, अपेक्षेप्रमाणे. छताची लोंबलेली गादी फरशीला टेकवून धरायची, आणि तुळयांच्या टोकांशी बाहेरच्या भिंतीलगतच्या फटी बंद करायच्या, हे काम पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवलं आहे, आणि खर्चाचा मोठा वाटा खरं तर त्याचाच असायला हवा.

नागपूर-अकोल्याकडून असाच प्रश्न दुकानाच्या शटरबद्दल येतो. गुंडाळणाऱ्या शटरला हे तंत्र लागू नाही. त्याच्या पट्ट्या दांड्यावर वेटाळतात, तिथे फोमला जागाच नसते. तिथला उपाय शटरच्या आत हातभर अंतर सोडून वेगळी चौकट किंवा जाड पडदा, किंवा बाहेरून सावली.

देखभालीत दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तीन गोष्टी: सुटलेली टेप बदलणं, बॅगेच्या काट्याने तोल पुन्हा मोजणं, आणि खालच्या रबराला सिलिकॉनचा फवारा. तिसरी राहिली, तर ओलं रबर एखाद्या रात्री जमिनीला गोठून बसतं, आणि सकाळी मोटार ते खाचेतून उपटून काढते.